जर्मन गेजला लावलेलं कुंकू

आमच्या ओळखीतले लोक अजून मला तोंडावर म्हणतात, "काकू, तुमच्या कुंकवानं काकांचं प्रमोशन खाल्लं." खाल्लं तर खाल्लं. त्याचं प्रायश्चित्त घ्यायला मी हे लिहायला बसले नाही. चूक माझी होती, ती मी तेव्हाच कबूल केली, कारखान्याच्या गेटवर उभी राहून. पण त्या चुकीपायी एका भल्या माणसाची नोकरी जायला निघाली होती, ती मी जाऊ दिली नाही. हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून मीच सांगते.

लग्न होऊन मी जबलपूरला आले तेव्हा गाड्यांचा तो कारखाना नवाकोरा होता. फौजेसाठी ट्रक बनायचे. नमुना जर्मन, नकाशे जर्मन, आधी आधी तर नट-बोल्टसुद्धा जर्मन पेट्यांतून यायचे. मग हळूहळू एकेक भाग इथंच बनायला लागला. हे तिथं तपासणीवर होते. हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय तेव्हा नव्हती, आता या वयात कुठून लागणार? खरादेवर, म्हणजे लेथवर, कातून आलेला भाग मापात आहे का ते पाहायचं. असला तर पुढं सोडायचा, नसला तर त्याच्यावर लाल रंगाचा पट्टा ओढायचा. हे यांचं काम.

घरात आम्ही तिघंच. मी, हे आणि मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे. ते मोठ्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत होते, आफ्रिकेच्या वाळवंटात ट्रक चालवून आलेले. त्यामुळं जेवायला बसलं की रोज ट्रकवरूनच जुंपायची.

"बाबा, साधीसुधी कंपनी नाही ती," हे म्हणायचे. "आपल्याकडं पेशवे होते तेव्हापासून लोखंड गाळून राहिले ते लोक. मग पूल बांधले, छापखान्याची यंत्रं केली. डिझेलवर चालणारं पहिलं इंजिन त्यांच्या कारखान्यात उभं झालं!"

"अन् मग?" मामाजी भाकरी मोडत विचारायचे. "मग लढाईचं सामान नाही निघालं त्याच कारखान्यातून? ते कोणासाठी होतं? आमच्यासाठीच न? ते काहून नाही सांगत तुझा तो जर्मनी पाहून आलेला साहेब?"

"त्याची शिक्षाही भोगली त्यांनी. बॉम्ब पडून कारखाना सपाट झाला होता. पुन्हा उभा केला."

"केला. मेहनती आहेत, नाही कोण म्हणते? आम्ही त्यांचा एक ट्रक पकडला होता रेतीत. मी स्वतः चालवला. चांगल्या गाडीले चांगलीच म्हणीन मी. पण रेतीत फसायची तर तीही फसायची, अन् ढकलाले आम्हीच."

मला ह्यातलं काही कळायचं नाही. चौथीपर्यंत शिकलेली मी. पुढचं सगळं वाचन पुड्यांच्या कागदांवर आणि मामाजींच्या वर्तमानपत्रावर झालं. जर्मन म्हटलं की मला आपला जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, आठवायचा, अ‍ॅल्युमिनियमचा, हातून पडला की पोचा येणारा. एकदा बोलून गेले, तर हे दोन दिवस हसत होते. हसा म्हटलं.

तर त्या वर्षीची विश्वकर्मा पूजा. एकाहत्तरची लढाई अजून सुरू झाली नव्हती, पण कारखान्यात ती केव्हाच सुरू झाली होती. रविवारची सुटी बंद, रोज दोन-दोन तास जास्तीचं काम. पूजेचा तेवढा एक दिवस घरच्यांना आत जाऊन कारखाना पाहता यायचा. मी कमानिया गेटच्या बाजारातून मुद्दाम ताजं कुंकू आणलं, ताट सजवलं आणि यांच्या मागं मागं निघाले.

माझ्या माहेरी खंडेनवमीला घरातलं एकूण एक हत्यार पूजेला मांडायचे. कुऱ्हाड, विळा, विळी, अगदी सुपारी कातरायचा अडकित्ता. एकही सुटता कामा नये, सुटलं तर वर्षभर तेच रुसतं, असं आई म्हणायची. मी त्याच हिशेबानं कारखान्यात शिरले. खरादेला हळदीकुंकू, ड्रिलला हळदीकुंकू. बाकी बाया नुसत्या हार घालून राहिल्या होत्या, मी बोटं भरभरून लावत होते.

शेवटी यांचं टेबल आलं. टेबलावर एक लाकडी पेटी होती, आत हिरवी मखमल, मखमलीवर चकचकीत पोलादाचा दांडा. "हे गेज," हे म्हणाले. आवाज असा खाली आणला की जसं गाभाऱ्यात बोलून राहिले. "याचं हे टोक भोकात अलगद गेलं पाहिजे. ते दुसरं टोक जायला नको. असं झालं तर भोक बरोबर. जर्मनीहून आलेलं आहे." शेजारी तसंच एक दुसरं गेज होतं, इथल्याच कारागिरांनी केलेलं, साध्या खोक्यात. रोजचं काम त्याच्यावर चालायचं. पण शंका आली की जर्मन गेज काढायचं, आणि ते सांगेल ते शेवटचं.

"हात नको लावू हं," म्हणाले आणि पेटी लावली. तेवढ्यात बुंदीचा प्रसाद वाटायला लागले, हे तिकडं गेले.

मी मात्र तिथंच. मनात आलं, झाडूलासुद्धा झेंडूचं फूल लागलं आणि ज्याचा शब्द शेवटचा ते बिनकुंकवाचं बसलं आहे! हे बरं नाही. पेटी उघडली. ओल्या बोटानं हळद लावली, कुंकू लावलं, दोन अक्षता वाहिल्या, नमस्कार केला. मग वाटलं, हे रागावतील. म्हणून पदरानं पुसून घेतलं आणि पेटी होती तशी लावून टाकली. भादव्याची दमट हवा, ओली मखमल आणि बंद पेटी. आत काय होईल हे मला काय ठाऊक!

काही दिवसांनी हे घरी आले ते जेवलेच नाहीत. काय झालं, तर चाकाच्या एका भागाचं भोक छोटं निघून राहिलं होतं. एकाचं नाही, सगळ्यांचंच. ते भाग कातणारे खरादवाले आमच्या चांगल्या ओळखीचे. सिहोऱ्याहून रोज बसनं यायचे, यांच्यापेक्षा वयानं मोठे, आम्ही त्यांना भैयाजी म्हणत असू. हिवाळ्यात आमच्यासाठी मटार घेऊन यायचे. त्यांचा हात असा की हे म्हणायचे, भैयाजींचा माल मी डोळे मिटून सोडीन.

"आपल्या गेजनं माल पास होतो," हे म्हणाले. "जर्मन गेजनं नापास. साहेबांनी सगळ्यावर लाल पट्टा ओढायला लावला. ढीग लागला आहे. लाइन थांबली आहे."

"मग आपलं गेज चुकलं असेल," मामाजी म्हणाले. मुद्दामच.

"नाही चुकलं, बाबा! भैयाजींचा माल बरोबर आहे. मी साहेबांना तोंडावर सांगितलं. ते म्हणतात, जर्मन चीज झूठ नहीं बोलती. आता भैयाजींनी माल बिघडवला असा रिपोर्ट मी सोमवारपर्यंत लिहून द्यायचा. लढाईचे दिवस आहेत. असा रिपोर्ट गेला की भैयाजींना घरी बसवतील, वरून कोणी म्हणेल, जाणूनबुजून केलं."

"अन् तू नाही लिहिला तर?"

"तर मला बसवतील."

"लिहिणार?"

"नाही लिहिणार," हे म्हणाले आणि ताटावरून उठले.

मी पोळी लाटत होते. विचारलं, "अहो, ते मखमलीतलं गेज का?" "तेच," म्हणाले. "काहून?" मी म्हटलं, सहज. तव्यावरची पोळी जळली तरी मला वास आला नाही.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मामाजींसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. यांना सांगितलं नाही, त्याचं कारण होतं. हे भैयाजींना झाकायला निघालेच होते, उद्या मलाही झाकतील आणि एकटेच बुडतील, एवढं मी ह्यांना ओळखत होते. मला वाटलं मामाजी ओरडतील. त्यांनी वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवलं.

"तू त्याले देव समजली?"

"सगळ्यात मोठं तेच आहे, असं वाटलं मला."

"अस्सं. म्हणजे तू कुंकू लावून पुजलं, अन् साहेब बिनकुंकवाचं पुजून राहिला. तुमच्या दोघांत फरक एवढाच." मग उठून काठी घेतली. "सोमवारी चल. मी येतो. पण बोलशील तू."

सोमवारी सकाळी गेटवरच्या दफ्तरात आम्ही दोघं जाऊन बसलो. दरबान भला माणूस, पण तोही म्हणाला, "अम्माजी, घर की बात हो तो घर पे ही निपटा लो." मी तेव्हा वीस वर्षांचीही नव्हते, अम्माजी म्हणे! मी सांगितलं, साहेबांच्या कामाची गोष्ट आहे, ट्रक थांबले आहेत त्याची आहे. तेव्हा साहेब आले. मागून हेही आले, हातात कोरा कागद, आणि मला पाहून दारातच थबकले.

साहेब मामाजींकडं वळले. "कहिए बाबूजी."

"मुझसे नहीं, बहू से बात कीजिए."

मी एकदा सुरू झाले ती थांबले नाही. कुंकू, हळद, पाणी, पदर, सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा तापत गेला.

"आपको मालूम भी है वो क्या चीज़ है? उस कंपनी का नाम दुनिया में चलता है! मैं छह महीने वहाँ रहकर आया हूँ. वहाँ लोग दस्ताने पहनकर छूते हैं, और आपने उस पर हल्दी लगा दी!"

"लगा दी," मी म्हटलं. "गलती मेरी. पर साहब, लोहा तो लोहा ही है न? पानी लगा तो जंग लगेगा. इधर का हो या जर्मनी का."

"एक टीका लगाने से उस गेज को कुछ नहीं होता."

"तो जाँच करवा लो न. भैयाजी के माल की इतनी जाँच हुई, उस डंडे की एक बार भी हुई क्या?"

दफ्तरातले बाबू लिहायचे थांबले. साहेब म्हणाले, "जर्मन चीज़..."

"चीज क्या बोलेगी साहब? बोलता तो आदमी है. आपका आदमी इतने दिन से सच बोल रहा है, और आप डंडे की सुन रहे हो."

एवढं मी बोलले खरी. यांच्याकडं पाहायची हिंमत नव्हती. तेच पुढं आले. वाटलं, मला गप्प करतील. ते साहेबांना म्हणाले, "सर, गेज मेरे चार्ज में था. पेटी बिना ताले के छोड़कर मैं गया था. ये लिखवा लीजिए, अभी साइन करता हूँ. भैयाजी वाला रिपोर्ट मैं नहीं लिखूँगा." आणि तिथंच बसून त्या कोऱ्या कागदावर लिहिलं. सही केली.

साहेबही मनानं वाईट नव्हते, हे मला मान्य करायलाच पाहिजे. डोळ्यांवर त्यांच्या त्या नावाची झापड होती इतकंच. त्याच दिवशी त्यांनी गेज तपासणीच्या बंद खोलीत पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एका अंगाला गंजाचा बारीक फुगवटा, डोळ्याला न दिसणारा, पण टोक अडवायला पुरेसा. मागाहून कळलं, दुसऱ्या पाळीतल्या कोणाला तिथं तांबूस डाग दिसलासुद्धा होता. त्यानं तेलाच्या चिंधीनं पुसून टाकला आणि गप्प बसला. कोण सांगणार, जर्मन गेजला डाग पडला म्हणून? आपल्या माणसांनी केलेलं गेज मात्र अगदी बरोबर निघालं. भैयाजींचा मालही बरोबर निघाला, एकूण एक.

यांना लेखी ताकीद मिळाली. ती फाइलीत राहिली, आणि तिनं पुढं काय केलं ते लोकांना पाठ आहे. त्या लोकांना मी एवढंच सांगते, भैयाजींच्या घरी त्या हिवाळ्यात चूल पेटली ती कशामुळं, हेही कधी पाठ करून पाहा. आणि जर्मन कंपनीला मी नावं ठेवत नाही. त्यांचं पोलाद चांगलंच होतं, मीच त्याला पाणी पाजलं. पण चांगल्या वस्तूपुढं चांगल्या माणसानं खोटं का ठरावं? तेव्हाही मला हे पटलं नाही, आजही पटत नाही.

हे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, पाणी ठेवलं की प्यायचे. मामाजी मधे मधे खोकायचे, जणू आता बोल बाबा. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर हात कोपरापर्यंत लालेलाल, अंगाला मातीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा, वास. हे आणि भैयाजी दिवसभर त्या ढिगाशी बसून एकेका भागावरचा लाल पट्टा चिंधीनं पुसत होते. साहेबांनी मजूर देतो म्हटलं, तर भैयाजी नाही म्हणाले. आपल्या मालावरचा पट्टा आपणच काढतो म्हणाले.

"साबण दे," हे म्हणाले.

मी दिला. मोरीत उभं राहून कितीतरी वेळ हात घासत होते.

"लवकर निघत नाही ग हा रंग," पाठमोरेच म्हणाले. "अर्धा ढीग बाकी आहे अजून."

"मग उद्या जुनं धोतर देते चिंध्यांना," मी म्हटलं. "आणि डबा दोघांचा भरते."