जहाजावरचा जानोसा

माझी मैत्रीण अश्विनी मोताळ्याच्या बस स्टँडसमोर लोकांना फिरायला पाठवायचा धंदा करते. एक शटर, एक टेबल, चार खुर्च्या. तिथे बसून ती रेल्वेची तिकिटं काढते, शेगावला गाड्या पाठवते आणि उन्हाळ्यात बस घेऊन स्वतः लोकांबरोबर तिरुपतीला जाते. मी मराठीत एम. ए. झाले. पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे असं घरी सांगते आणि दुपारभर तिच्या पंख्याखाली बसते. तिने मला कधी ऊठ म्हटलं नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत तिने पाच कुटुंबं समुद्रावर न्यायचं ठरवलं. मुंबईहून गोवा आणि परत, मोठ्या जहाजातून. आमच्या दोघींपैकी कोणीच समुद्र पाहिला नव्हता. तिने हे गिऱ्हाइकांना सांगितलं नाही. मलाही बजावलं, "तू बोलू नको. तुह्या तोंडावर लगेच दिसते."

पाचही घरांत दहावी-बारावीच्या आगेमागे असलेली दोन-दोन पोरं होती, एक मुलगा आणि एक मुलगी. जहाजाचे व्हिडिओ त्यांनीच पाहिले, हट्ट त्यांनीच धरला. त्यांची अट एकच होती. आम्हाला आमची वेगळी खोली पाहिजे. जहाज कंपनीचाही नियम एकच होता. अठराच्या आतलं मूल असेल त्या खोलीत कागदावर एक मोठं माणूस पाहिजे.

अश्विनीने खोल्या लावल्या. तिला ते काम अवघड वाटलं नाही, कारण ती त्यातच वाढली. तिचे वडील कडूबाकाका लग्नांत जानोसा सांभाळायचे. जानोसा म्हणजे नवरदेवाकडच्या मंडळींची उतरायची जागा. शाळेच्या खोल्या असोत की कोणाचं गोदाम, पुरुष आणि पोरं एकीकडे, बायका आणि पोरी दुसरीकडे. नवरदेवाचा मामा कूलरजवळ. रुसणारी आत्या दारापासून लांब. अश्विनी परकर घालायची तेव्हापासून त्या गाद्या मोजत आली होती.

तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जहाज काढलं. एका मजल्यावर सगळे पुरुष आणि मुलगे. दुसऱ्या मजल्यावर सगळ्या बायका आणि मुली. प्रत्येक खोलीत मोठं माणूस होतंच. कंपनीने हरकत घेतली नाही. पाचांपैकी एका घरचे रामरावकाका, त्यांच्या कृषी केंद्रात बैठक झाली, तिथेही कोणी हरकत घेतली नाही. सगळ्यांनी मान हलवली. त्यांनाही असंच झोपायची सवय होती.

फक्त रामरावकाकांची मुलगी प्रांजली बोलली. ती अकरावीला आहे. "म्हंजे अश्विनीताई, मी आईजवळच? घरी तेच तर करून राह्यली."

सगळे हसले. तिची आई हसली नाही. हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई, राखीकाकू, ऑफिसात आल्या. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायला आले म्हणाल्या. झेरॉक्स आमच्याकडे आधीच होती. त्या बसल्या. चहा घेतला. जहाजात जेवण कसं असतं ते विचारलं. मग खोलीला खिडकी असते का, किती मोठी असते, ते विचारलं. अश्विनीने सगळं सांगितलं. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या.

"प्रांजली झाली तवापासून माह्यं निजणं सासूबाईच्या खोलीत हाये," त्या टेबलाकडे पाहत म्हणाल्या. "पयले पोरगी लहान होती म्हून. आता मोठी झाली म्हून. हे अन् आमचा पोरगा दीपक माडीवर. बोलाचं असलं त जेवाच्या वक्ती बोलतो, सगळ्याईसमोर."

अश्विनीने टेबलावरचे कागद बाजूला सारले.

"मले वाटलं, जहाजावर तरी," राखीकाकू म्हणाल्या. पुढचं त्या बोलल्याच नाहीत. पदर सारखा केला, मला म्हणाल्या अभ्यास कर व बाई, आणि गेल्या.

मी पाच वर्षं साहित्य शिकले. विरहावर पंधरा मार्कांचे प्रश्न सोडवले. मला वाटलं, बाई खिडकीबद्दल विचारायला आली होती.

अश्विनीने कॅलेंडर टेबलावर पसरलं. बराच वेळ ती त्या दोन मजल्यांकडे पाहत राहिली.

"म्या जानोसा लावला व," ती म्हणाली. "लग्नात येका रातीचा प्रश्न असते. कोणीबी कुठंबी पडते. हे तर माणसं सुट्टी घालवाले निघाली."

मग तिने मला समजावलं. पोरांना आईबापापासून वेगळी खोली हवी होती. इकडे एका आईलाही तेच हवं होतं. पण ते तिला उघड बोलता येत नव्हतं. नवराबायकोची खोली असं नुसतं कागदावर लिहिलं तर चारचौघांत रामरावकाका खाली मान घालतील. कोणी मागितलं हेही निघेल. मग राखीकाकू ट्रीपलाच येणार नाहीत. आणि नुसत्या पोरांना खोली कंपनी देणार नाही.

तिने मुंबईला फोन लावला. कंपनीच्या ऑफिसात रवी म्हणून एक माणूस होता. ती त्याला विचारू लागली की शेजारशेजारच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत दार असतं का. बाहेरून नाही, आतून. तो म्हणाला, असतं, पण अशा जोड्या थोड्या. त्यातल्या नेमक्या पाच उरल्या होत्या. नाशिकचा एक ग्रुप त्याच मागत होता. याद्या आज संध्याकाळी बंद होणार होत्या.

अश्विनीच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. एका खोलीत बाप आणि मुलगा, शेजारी आई आणि मुलगी, मध्ये दार. कागद जानोशासारखाच सोवळा. दाराच्या आत कोण कुठे निजतं, ते ज्याचं त्याने पाहावं.

"मग राखीकाकूंना एक जोडी दे," मी म्हणाले.

"येकालेच देल्ली त अख्खं मोताळं इचारीन काऊन. देईन त पाचाईले."

म्हणजे सगळ्यांची यादी बदलायला हवी होती, आणि सगळ्यांचा होकार आजच हवा होता. अडचण एका माणसाची होती. जानरावकाका. ते रामरावकाकांचे थोरले चुलतभाऊ. ठरलेलं मोडलेलं त्यांना चालत नाही. ते नाही म्हणाले की बाकीचे मान हलवायचे थांबतात. आणि त्यांना हसवू शकणारा माणूस अख्ख्या ग्रुपात एकच होता, देऊळघाटचे शकूरचाचा. त्यांचं कापडाचं दुकान आहे.

"चल," अश्विनी म्हणाली. तिने शटर ओढलं आणि स्कूटी काढली.

राजूरचा घाट मी हजारदा चढले आहे. त्या दिवशी वाटलं आपण कुठेतरी लुटायला निघालोय. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. अश्विनी पुढे बसून मोठ्याने वाक्यं जुळवत होती आणि स्वतःच खोडत होती. मी मागे कॅलेंडरची गुंडाळी छातीशी धरून बसले होते. मला कारण नसताना हसू येत होतं.

शकूरचाचा गिऱ्हाइकाला साड्या दाखवत होते. अश्विनीने खरं कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की खोल्या बदलायच्या आहेत आणि जानरावकाका ऐकणार नाहीत.

"काऊन बदलाच्या?"

"चाचा, खोलीत पलंग येकच असते. डबल."

चाचांनी हातातली साडी खाली ठेवली. रामराव आणि जानराव एका खोलीत होते, हे त्यांना माहीत होतं. ते आधी गालात हसले, मग मोठ्याने. मुबीनाचाचींना दुकानात बसवून त्यांनी मोटारसायकल काढली आणि आमच्या पुढे घाट उतरले.

कृषी केंद्रात सगळे जमेपर्यंत उन्हं कलली. सोयाबीनच्या बियाण्याच्या पोत्यांवर माणसं बसली. अश्विनीने कॅलेंडर उघडलं. जानरावकाका लगेच म्हणाले की ठरलं ते ठरलं, गडीमाणसं एका ठिकाणी बरी, गप्पा होतात. आणि या पोट्ट्यांना मधल्या दाराची चैन कशाला.

"काका, तुमाले काई अडचण नसन त माह्यं काय," अश्विनी म्हणाली. "तुमी न रामरावकाका येकाच गादीवर. पांघरूनबी येकच हाये."

"मंग कंपनीले सांग, दोन खाटा टाका."

"जहाज हाये काका. पलंग खाली ठोकले हायेत."

जानरावकाका विचारात पडले. तेवढ्यात शकूरचाचा अगदी शांतपणे म्हणाले, "अन् जानरावभाऊ, म्या व्हिडिओत पाह्यलं. कंपनी त्या गादीवर टॉवेलाचे दोन बदक करून ठेवते. चोचीले चोच लावून. तुमी आतमदी गेले की म्हणसान, रामराव, हे कोनासाठी?"

पोत्यांवरची माणसं हसून हसून वाकली. जानरावकाकांनी हसू दाबलं, पण मग त्यांचेही खांदे हलू लागले. त्यांनी चष्मा लावून नवी मांडणी पाहिली. बापाजवळ मुलगा, आईजवळ मुलगी. मध्ये दार, म्हणजे नजरही राहील. हे बरं आहे, असं ते म्हणाले आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

रामरावकाका एवढा वेळ गल्ल्यामागे गप्प होते. माणसं उठायला लागली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं.

"अश्विनी, त्या दाराले कडी कोनत्या अंगानं हाये?"

"दोन्ही अंगानं, काका."

"हाव का," ते म्हणाले आणि कुठलीतरी जुनी पावती वाचू लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी अश्विनीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती नंबर लावत बाहेर पडली होती.

रवीने फोन उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाला की नाशिकवाल्यांनी एक जोडी घेतली. आता चारच आहेत.

अश्विनी स्कूटीला टेकली. आत पाचही घरांना दार कबूल केलं होतं. तिने फोन छातीशी धरला.

शकूरचाचा मोटारसायकलला किल्ली लावत होते. त्यांनी किल्ली काढून घेतली आणि जवळ आले.

"माह्यं नाव त्यातून काढ," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मले समोरासमोर दोन खोल्या दे. अल्तमश अन् त्याची बहीण येका खोलीत पडतीन, आमी दुसऱ्यात. कागदावर तू काईबी लिव."

"चाचा, दार सगळ्याईले सांगतलं मी."

"आमाले दाराचं काय काम? लग्नापासून मी अन् मुबीना येकाच खोलीत हावो. मकान लहान, म्हून पोट्टे बाहेर." त्यांनी दुकानाकडे पाहिलं. आत रामरावकाका अजून तीच पावती वाचत होते. "ज्याले गरज हाये त्याले दे."

त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

अश्विनीने फोन कानाला लावला आणि चारही जोड्या घेतल्या. फोन ठेवल्यावर तिने मला मिठी मारली, बाजारातल्या रस्त्यावर, भाजीवाल्यांसमोर. मग म्हणाली, "माह्या खोलीत येका मानसाची जागा हाये. तू चल."

मलकापूरहून रात्रीची गाडी होती. सकाळी बंदरावर उतरलो तेव्हा समोर एक पांढरी इमारत दिसली. मी विचारलं, जहाज कुठे आहे? अल्तमश म्हणाला, "दीदी, हेच जहाज हाये." मी तोंड मिटायची विसरले. अश्विनी पाच कुटुंबांपुढे छातीवर फाइल धरून अशी चालत होती जणू ती दर महिन्याला इथे येते. मी तिच्या जवळून चालत होते म्हणून मला दिसलं. फाइल तिने उलटी धरली होती.

संध्याकाळी जहाज हललं. किनारा मागे सरकला आणि सगळीकडे पाणीच पाणी झालं. पोरं गॅलऱ्यांतून धावत सुटली. आम्ही दोघी खोल्यांवरून फिरत होतो, कोणाला काही कमी-जास्त आहे का पाहत. राखीकाकूंच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. पिशवी त्यांनी अजून उघडली नव्हती. मधलं दारही उघडं होतं. पलीकडे रामरावकाका खिडकीजवळ उभे होते, पाठ करून. ते बोलावत नव्हते आणि त्या जात नव्हत्या.

अश्विनी उंबऱ्यातच थांबली. एवढं करूनही हे शेवटचं पाऊल तिच्या हातात नव्हतं.

पलीकडून प्रांजली आली. तिच्या एका हातात दीपकची बॅग होती, दुसऱ्या हाताने तिने दीपकलाच ओढत आणलं होतं.

"आई, बाबा लय घोरतात. दीपकले झोप येत नाई. तो इकडं निजून राह्यला, माह्याजवळ. तू जाय तिकडं." तिने आईच्या मांडीवरची पिशवी उचलली. "तुले त सवय असन."

"मले कुठची सवय?" राखीकाकू पटकन बोलून गेल्या.

खिडकीजवळची पाठ हलली नाही, पण कान पुन्हा लाल झाले. राखीकाकू उठल्या. पदर सारखा केला, तसाच, ऑफिसात केला होता तसा. आणि त्या दारातून गेल्या.

प्रांजलीने मधलं दार लोटलं आणि आपल्या बाजूने कडी घातली. मग आमच्याकडे वळून बोट ओठांवर ठेवलं. आम्ही निघणार तेवढ्यात दाराच्या पलीकडून, जरा थांबून, दुसरी कडी लागल्याचा आवाज आला.

अश्विनीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

सकाळी राखीकाकू डेकवर दिसल्या. केस मोकळे होते, हातात चहा. रामरावकाका शेजारी उभे राहून लांबच्या होड्या दाखवत होते आणि बोलत होते. सारखे बोलत होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"काकू, खिडकी कशी हाये?" अश्विनीने विचारलं.

"मोठी हाये व," त्या म्हणाल्या. "दोघं बसलो त पुरते." मग थोडं वाकून, फक्त आम्हाला ऐकू जाईल असं, त्या म्हणाल्या, "ते टॉवेलाचे बदक म्या मोडले नाई. उचलून खुर्चीवर ठेवले. जसेच्या तसे."