वाघ, म्हैस आणि वाशिंदचं स्थळ

माझं लग्न एका वाघाने मोडलं होतं. वाघ मीच काढला होता.

आम्ही मुरबाडच्या पार आत, डोंगराच्या पायथ्याशी राहणारी माणसं. 'फार आत राहतात' म्हणून दोन स्थळं आधीच हातची गेलेली. तिसरं वाशिंदचं. मुलीच्या मामांचा निरोप आला, "आमी यायच्या आधी घराचा फोटो पाठवा."

घराचं तेव्हा प्लास्टर चाललेलं, अंगणात वाळूचा ढीग, ढिगावर कोंबड्या. मी पडलो चित्रकलेचा मास्तर! घरामागच्या डोंगराचं चित्र नुकतंच पुरं केलेलं. धुकं, कडे, धबधबा, किर्र रान आणि कोपऱ्यात पाणी पिणारा वाघ. रस्ता, विजेचे खांब, टाकी हे सगळं सौंदर्याला बाधा येते म्हणून गाळलं होतं. (आमचं घरसुद्धा!) त्याच चित्राचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'घराचा परिसर'.

दहा मिनिटांत मामांचा बाबांना फोन. तोही स्पीकरवर!

"पावणं, घर कुठाय?"

"असल झाडांच्या मागं," बाबा म्हणाले. त्यांनी चित्र पाहिलंच नव्हतं.

"आनि तो वाघ?"

"कसला वाघ?"

"पानी पितोय ना! आमच्या पोरीनं त्याच्या शेजारी बसून हंडा भरायचा काय? नाय जमायचं!"

फोन बंद. आई मटकन खाली बसली. बाबा तरातरा चित्रापुढे गेले.

"रस्ता कुठं गेला रे? चपला झिजवून आणलाय मी तो!"

"बाबा, ते निसर्गचित्र आहे."

"खड्ड्यात गेलं तुझं निसर्गचित्र! काढ रस्ता!"

काढला. मग खांब काढले, टाकी काढली, घर काढलं, दारात नळ काढला. नळाला पाणीसुद्धा सोडलं.

"अरे, वाघ तसाच रायला ना!" आई ओरडली.

घाईघाईत वाघाची म्हैस केली. (पट्टे राहिलेच. दुसरा हात द्यायला वेळ कुणाला होता?)

नवा फोटो गेला. तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी मामा आले, आणि हट्ट करून मुलगीही सोबत आली! ती भिंतीवरच्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"ही म्हैस आधी कोण होती?"

"वाघ," मी खरं सांगून टाकलं. "आई ओरडली म्हणून बदलली."

तिने पदर तोंडाला लावला आणि मामांना सांगितलं, "मला पसंत आहे."

लग्नानंतर मी ऐटीत विचारलं, "माझी कला आवडली ना गो?"

"कला कसली! म्हटलं, एका ओरडण्यात वाघाची म्हैस करणारा माणूस आहे, आपलं निभेल."

सात वर्षं झाली. एकाच गोष्टीसाठी तिला अजून दुसऱ्यांदा ओरडावं लागलेलं नाही!