अंजिरांचा डबा

तुम्ही प्रवासाला निघालात की शेजारच्या काकू यायच्या, तुमची भरलेली बॅग एका हातानं उचलून बघायच्या आणि निकाल द्यायच्या, "हव, अजून जागा आहे." मग पदराआडून पिशवी निघायची. तेलीबांध्याच्या आमच्या इमारतीतून त्यांच्या कोहळ्याच्या बड्या, म्हणजे उन्हात वाळवलेले सांडगे, घेतल्याशिवाय कुणी गाव सोडलं नाही.

आम्ही दोघं नवरा-बायको स्पेनला निघालो तेव्हाही तेच. मुलीनं तिथल्या एका खेड्यात आठ दिवसांसाठी घर ठरवून दिलं होतं.

"काकू, तिथं बड्या कोण खाणार?"

"काहून? घरमालकीन जेवत नाही का? तिच्या घरी रिकाम्या हातानं जाता का जी?"

विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं. माझे जास्तीचे बूट काढायचे की बड्या, एवढाच प्रश्न होता. बड्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या. टाकल्या मीच.

ते खेडं म्हणजे बदामाची झाडं, दगडी घरं आणि दुपारभर शुकशुकाट. मालकीण सत्तरीची, एकटी. गच्चीवर चादर पसरून अंजीर वाळवायची आणि पाखरं हाकलायला काठी घेऊन शेजारी बसायची. आमच्या काकू डिसेंबरात बड्यांपाशी बसायच्या, अगदी तशी. निघताना तिनं पत्र्याचा एक डबा अंजिरांनी भरून बायकोच्या हातात ठेवला. आमच्याकडे तिला द्यायला काही नव्हतं. बायकोनं माझ्या बुटांकडे बघितलं.

परतल्यावर तो डबा मी काकूंना दिला.

"बड्या आवडल्या का तिले?"

"खूप," मी म्हणालो. मला वाटलं, एवढ्यावर भागेल.

पण काकूंच्या घरून कुणाचा डबा कधी रिकामा परत गेला नव्हता. थंडीत त्यांनी तो लख्ख घासून, बड्यांनी भरून आणला. "पाठवून द्या. एकटीच राहते म्हनता, भाजी करून खाईल." मी हो म्हणालो आणि बड्या आम्हीच खाल्ल्या. दोन महिन्यांनी काकू विचारायला लागल्या, "डबा नाही आला का जी तिचा?" शेवटी सदर बाजारातून सुकी अंजिरं आणली, डब्यात भरली आणि नेऊन दिली. काकूंनी एक तोंडात टाकलं. "यंदा गोड निघाले. पाऊस कमी झाला असन तिकडे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असं तीन वर्षं चाललं. एकदा खरं सांगायचंच असं ठरवून गच्चीवर गेलो. काकू बड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिचे गुडघे कसे आहेत?" गुडघ्यांचं मीच कधीतरी ठोकून दिलं होतं. "थंडीत दुखतात म्हणे," मी म्हणालो आणि खाली उतरलो. तुम्ही भित्रा म्हणाल. म्हणा.

गेल्या थंडीत काकू गेल्या. पंधरा दिवसांनी त्यांचा हिंदीतच बोलणारा मुलगा डबा घेऊन आला. "अंकल, ये स्पेन भेजना है. आई बार-बार बोल रही थी."

झाकण दोऱ्यानं घट्ट बांधलेलं होतं. तो गेल्यावर सोडलं. बड्यांच्या वर, नीट घडी घालून, हातानं विणलेल्या लोकरीच्या दोन गुडघेपट्ट्या ठेवल्या होत्या.

बड्या दर वर्षी आम्ही खाऊन टाकल्या. या पट्ट्यांचं काय करू?