मिठागरावरची दुसरी बैठक

भाद्रपद अमावास्येला, दुपारच्या भरतीत, कोपर गावाच्या खालच्या अंगाला खाडीकाठच्या एका मिठागराचा बांध फुटला. त्याआधी गळती बुजवायला उतरलेला एक मजूर त्यात वाहून गेला. वय तिशीच्या आत. प्रेत संध्याकाळच्या ओहोटीला तिवरांच्या झाडीत सापडले. त्याच बांधावर आधीच्या पौष महिन्यात सरकारी चौकशीची बैठक झाली होती.

मी त्या वेळी ठाण्याच्या एका मराठी साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. नौपाड्यात बिऱ्हाड होते. सकाळी कचेरीत जाऊन नवे हुकूम उतरवून आणायचे, दुपारी छापखान्यात मजकूर द्यायचा, असा दिवस जाई. राणीच्या राज्याचा पन्नाशीचा उत्सव होऊन गेला होता. प्लेग अजून यायचा होता.

चौकशीचे मूळ विलायतेत होते. पार्लमेंटच्या कोणा सभासदाने प्रश्न विचारला होता, की मुंबई इलाख्यात मिठागरे चालवणाऱ्यांना सरकार बांधांच्या दुरुस्तीसाठी सरकारी देण्यात सूट देते, त्या सुटीतले मजुराच्या हाती काय पडते? उत्तर कोणापाशी तयार नव्हते. म्हणून मुंबईहून हुकूम निघाला आणि दोन साहेब व एक शिरस्तेदार खाडीकाठची मिठागरे पाहत फिरू लागले. आमच्या संपादकांनी मला होडीने पुढे पाठवले.

“पार्लमेंटला आपलं मीठ आठवलं,” ते म्हणाले, “आता मजूर काय बोलतात ते जसंच्या तसं आणा. पदरचं काही घालू नका.”

त्या मिठागरावर काम करणारी सगळी घरे एकाच आगरी वाडीतली. मिठाची मजुरी राशीवर मिळे, तीही रास मोजून झाल्यावर. बांधाच्या कामाला मजुरी नव्हती. मिठागर सरकारकडून घेऊन चालवणारा, ज्याला तिकडे शिलोत्री म्हणत, त्याने बांधाची लांबी घराघरांत वाटून दिली होती. ज्याच्या वाट्याचा बांध फुटेल त्याला पुढच्या हंगामात मिठागरावर जागा नाही, असा रिवाज होता. सरकारची सूट मात्र शिलोत्र्याला दर वर्षी मिळे.

सगळ्यांत वाईट तुकडा उघाडीजवळचा. उघाडी म्हणजे खाडीचे पाणी आत घ्यायचा लाकडी दरवाजा. भरतीचा सारा जोर तिथे येतो. हा तुकडा वाडीतल्या सगळ्यांत वडील मजुराच्या घराकडे होता. म्हाताऱ्याचे गुडघे गेल्यापासून तो तुकडा त्याचा मुलगा आणि सून सांभाळत. साहेब येणार हे कळल्यापासून वाडीत रोज बोलणे होई आणि बोलण्याचा विषय एकच असे: बांधाच्या कामाला मजुरी मिळावी. मजुरी मिळाली तर उधाणाच्या दिवसांत उघाडीवर चार हात जास्त उभे राहतील. साहेबांपुढे म्हाताऱ्याने बोलायचे, असे ठरले होते. हे मला बैठकीच्या आदल्या दिवशी त्याच्या मुलानेच सांगितले. तो चिखलाच्या पाट्या टाकत होता. बोलताना हात थांबले नाहीत.

“बाबा बोलनार. आमी मागं उभं र्‍हानार. आमच्या बाबाला तोंड हाय, भाऊ. दोन वाड्यांची लग्नं जुलवली हायत त्यानं.”

बैठकीच्या दिवशी बायकांनी बांधाच्या रुंद जागेवर सारवण केले. त्यावर चटई घातली आणि चटईपुढे नारळ मांडले. म्हाताऱ्याने धुतलेले पागोटे बांधले होते. साहेबांची होडी दिसली तेव्हा बायकांत हशा पिकला.

“आले गं, पोरगी बघाला आले!”

“पोरगी कंची?”

“ही काय, उघाडी! तोंड उघडून उभी हाय.”

“नवरा तांबडा हाय, पन चालतोय बरा.”

म्हाताऱ्याच्या सुनेने पितळेच्या तांब्यातून पाणी पुढे केले. थोरल्या साहेबाने हात जोडल्यासारखे करून नको म्हटले. धाकटा स्वतःच्या बाटलीतले पाणी प्याला. सून तांब्या घेऊन तशीच उभी राहिली, मग मागे सरली. शिलोत्री छत्री धरून जरा दूर उभा होता. त्याने जवळ यायचा प्रयत्न केला नाही, कोणाला दटावले नाही. हे मी त्या दिवशीच्या टिपणात लिहिले होते आणि पुढे कोणी काही म्हटले तरी ते बदलण्याचे कारण मला सापडले नाही.

साहेब विचारी, शिरस्तेदार मराठीत सांगे, म्हातारा उत्तर देई. शिरस्तेदाराची मराठी स्वच्छ होती, आवाजही मृदू होता.

“मजुरी मिळते का?”

“मिलते, साहेब.”

“वेळेवर?”

“रास पडली का मिलते.”

“काम झेपण्यासारखं आहे?”

“आमचं कामच ह्ये. बापजाद्यांपासून.”

“सरकारजवळ काही मागणं? काही तक्रार? मोकळेपणानं सांगा. साहेब त्यासाठीच आलेत.”

म्हाताऱ्याने मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिले. मग पुढे होऊन थोरल्या साहेबाच्या हातात नारळ दिला.

“देवाच्या किरपेनं बरं चाललंय. तुमी एवढ्या लांबून आलाव, आमाला समदं पावलं.”

मागच्यांनी माना हलवल्या. शिरस्तेदाराने लिहून घेतले. साहेबांनी उघाडी पाहिली, बांध पावलांनी मोजल्यासारखा केला आणि पाणी उतरायच्या आत होडी सुटली.

होडी दूर गेल्यावर मी म्हाताऱ्याला विचारले, बांधाच्या मजुरीचे का बोलला नाहीत? तो माझ्याकडे असे पाहू लागला, जणू मीच काही रीत सोडून बोललो.

“भाऊ, तुमी पोरगी बघाला गेलाव कवा?”

“गेलोय.”

“पयल्या बैठकीला देन्याघेन्याचं काढता का तुमी? पयल्या बैठकीला घर बघाचं, मान्सं बघाची. गोड बोलाचं. त्यांनी तर आपलं पानी पन घेतलं नाय अजून. दुसऱ्या बैठकीला पानी घेतील. मंग मी बोलनार, हुंड्यावानी एकेक गोष्ट मांडून.”

मी सांगितले, की ही चौकशी आहे. चौकशी परत येत नाही.

“विलायतेसून निघालेली मान्सं अर्ध्या घटकेसाठी येतात का?” मुलगा म्हणाला.

सून हसून म्हणाली, “आमच्या येलेला ह्यांचे बाबा तीन डाव आले व्हते. तिसऱ्या डावाला एका बकरीवरनं उठून गेले. मंग माझा बाप नदीपोतर मागं धावला.”

“बकरी लंगडी व्हती,” म्हातारा म्हणाला.

“बकरी धड व्हती. डोला तुमचा लंगडा.”

सगळे हसले. म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुमी ठान्याचे. तुमच्याकडं एका बैठकीत लगीन उरकत असल.”

साप्ताहिकात बैठकीची हकीकत आली. बांधाच्या रिवाजाविषयी आणि सरकारी सूट कोणाला मिळते याविषयी संपादकांनी वेगळा मजकूर छापला आणि त्याची प्रत चौकशीच्या दप्तरी पाठवली. तिकडून कळवले गेले, की बैठकीत मजुरांनी स्वतः जे सांगितले तेवढेच जबानीत धरले जाईल. मी हे वाडीवर जाऊन सांगितले. म्हातारा म्हणाला, “बराबर हाय. आमचं आमीच बोलाला पायजे.”

फाल्गुनात तो ठाण्याला आला. मुलाचा हात धरून, गुडघ्यावर हात ठेवत, नौपाड्यात शिरस्तेदाराच्या दारापर्यंत चालत आला. सुनेने केलेल्या तांदळाच्या पापडांचे गाठोडे बरोबर होते. साहेबांना दुसऱ्या बैठकीचे आमंत्रण द्यायचे होते. वाट माहीत नसल्याने आधी छापखान्यात आला, म्हणून मी सोबत गेलो.

शिरस्तेदाराने दोघांना ओटीवर बसवले, गूळपाणी दिले. म्हाताऱ्याने येण्याचे कारण सांगितले. ऐकून शिरस्तेदार म्हणाला,

“बाबा, कागद मुंबईला गेले. साहेब थंड हवेला गेले. ते आता यायचे नाहीत.”

“उनाला सरल्यावर?”

“कधीच नाही. त्यांचं काम संपलं. तुम्ही त्या दिवशी बोलायला हवं होतं. मी दोनदा विचारलं तुम्हाला.”

“तुमी विचारलं. साहेब नारळाकडं बघत व्हता.”

“तो निघायच्या घाईत होता, बाबा.”

म्हाताऱ्याने गाठोडे पुढे सरकवले. शिरस्तेदाराने ते आधी नको म्हटले, मग आत नेऊन ठेवले. पायरी उतरताना म्हातारा म्हणाला, “म्हन्जे पसंत नाय पडलो.” त्या दिवशी मी मुलाला पहिल्यांदा रिकाम्या हातांनी चालताना पाहिले.

वाडीवर पोचेपर्यंत म्हाताऱ्याचे मत बदलले होते. ही गोष्ट मला पुढे सुनेकडून कळली. शिरस्तेदार हा मधला माणूस, मधल्या माणसाला घरातले काय ठाऊक, असे तो म्हणू लागला. चैत्र-वैशाखात साहेब आले नाहीत. मृगात मिठागरात पाणी भरले, राशी झावळ्यांनी शाकारून झाल्या. आषाढ लागला तेव्हा तो म्हणाला, आता चातुर्मासात कोणी बोलणी करत नसते. तुळशीचे लग्न झाले की येतील. वाडीने ते मानले. साहेबांना चातुर्मास नसतो, असे वाडीत कोणी म्हटल्याचे मला कळले नाही.

श्रावणात उघाडीजवळचा बांध आतून पोखरला गेला. खेकड्यांची बिळे मोठी झाली होती. मुलगा शिलोत्र्याकडे गेला आणि अमावास्येच्या उधाणाआधी जास्त माणसे लावा म्हणाला. शिलोत्र्याचे उत्तर मी नंतर त्याच्याच तोंडून ऐकले. ते त्याने लपवले नाही.

“मी म्हटलं, तुझा तुकडा आहे, तू बघ. मी काही नवीन सांगितलं का? माझ्या आज्यानंही हेच सांगितलं असतं.”

अमावास्या सर्वपित्रीची होती. वाडीची भातखाचरे त्याच खाडीला लागून होती आणि भात निसवून कणसावर आले होते. त्या उधाणाला खारे पाणी खाचरांत शिरले असते तर वर्षाचे धान्य गेले असते. म्हणून प्रत्येक घर आपापल्या खाचराच्या बांधावर होते. मिठागराच्या बांधावर मुलगा आणि सून असे दोघेच होते. घरी म्हाताऱ्याने पितरांचे पान वाढून ठेवले होते. मुलगा परत आला की दोघे जेवणार होते.

पुढचे मी सुनेच्या सांगण्यावरून लिहितो. तिने ते पोलिसाला एकदा आणि मला एकदा सांगितले. दोन्ही वेळा ते तसेच होते. भरती चढत असताना उघाडीच्या कडेने पाणी आत झिरपू लागले. ती पाट्या भरून देत होती, तो टाकत होता. माती टिकेना. तो म्हणाला, चटई आण. बैठकीला घातलेली चटई त्यांच्याच घरची होती आणि उघाडीवरच्या झोपडीत गुंडाळून ठेवलेली होती. ती त्याने भोकावर दाबली आणि टिकावी म्हणून स्वतः पाठ लावून उभा राहिला. ती पाटी घेऊन वळली तेव्हा बांधाचा तुकडा सुटला. तिने हाक मारली. खाचरांवरून माणसे धावत आली तोवर मिठागरात पाणीच पाणी झाले होते.

मी ठाण्याहून होडीने पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. प्रेत बांधावर आणून ठेवले होते. म्हातारा त्याच्या पायांशी बसला होता. बायका रडत होत्या. सून रडत नव्हती. ती म्हाताऱ्याला म्हणत होती, “बाबा, घरा चला. तुमी काय खाल्लं नाय.” त्याने मला ओळखले.

“भाऊ, आता मी बोलतो. लिवून घ्या,” तो म्हणाला. मग काही बोलला नाही. मी थांबलो. अंधार पडू लागल्यावर माणसांनी प्रेत उचलले.

पंचनाम्यात अपघात अशी नोंद झाली. बांध मिठागराचा होता की मजुराचा, असा प्रश्न पंचांना विचारला गेला नाही.

चौकशीचा अहवाल आश्विनात ठाण्याच्या कचेरीत आला. मी तो तिथे बसून वाचला. त्या मिठागराविषयी लहानसा मजकूर होता. मजुरांना मोकळेपणी विचारले असता त्यांनी समाधान व्यक्त केले, सबब सूट देण्याच्या पद्धतीत फेरफार करण्याची गरज दिसत नाही, असा त्याचा आशय होता. पार्लमेंटात त्या सभासदाला उत्तर देण्यात आले. उत्तराची बातमी आमच्या साप्ताहिकात शेवटच्या पानावर आली.

कार्तिकात तुळशीचे लग्न झाल्यावर मी अहवाल सांगायला वाडीवर गेलो. म्हाताऱ्याच्या अंगणात सारवण केलेले होते आणि शेजारून मागून आणलेली चटई घातलेली होती. मी मजकूर मराठीत वाचला. त्याने तो पुन्हा वाचायला लावला.

“समाधान, हे कोन बोललं?”

“तुम्ही, बाबा. पौषातल्या बैठकीत.”

“त्ये त्यांनी लिवलं?”

“हो.”

“पानी घेतलं नाय आन् त्ये लिवलं.”

सून दारात उभी होती. तिने चटई उचलली, झटकली आणि शेजारच्या घरी परत नेऊन दिली.

त्या वर्षीही शिलोत्र्याला बांधाच्या दुरुस्तीची सूट मिळाली. फुटलेला तुकडा म्हाताऱ्याच्या घराचा असल्याने रिवाजाप्रमाणे त्यांची मिठागरावरची जागा जायची होती. वाडीने एकत्र जाऊन रदबदली केली. खिंडार त्या घराने स्वतः भरून द्यावे, या अटीवर जागा राहिली. मार्गशीर्षात मी कल्याणला जाताना होडीतून तो बांध पाहिला. उघाडीजवळ सून एकटी चिखलाच्या पाट्या टाकत होती. त्या कामाला मजुरी नव्हती.