पहिली ओळ कर्नलची

माझ्या मित्राच्या मामूंइतका पहिल्या ओळीवर जीव टाकणारा माणूस महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात दुसरा झाला नसेल, आणि कशेडी घाट ओलांडून पलीकडे कुणी असेल असंही मला वाटत नाही. वर्तमानपत्र ते घेत, पण वाचत फक्त मथळे. लग्नपत्रिका आली की वरची एक ओळ बघून खाली ठेवत, आणि मग लग्न कुणाचं हे मामींना विचारत. माणसांच्या बाबतीतही तेच. कुणी बोलायला लागलं की पहिलं वाक्य ते इतकं कान देऊन ऐकत की बोलणाऱ्याला संकोच वाटावा. दुसऱ्या वाक्याला त्यांचं उत्तर तयार असे, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा तरी पत्ता असे. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं लोटतात त्या दिवशी मामू आपला कॉम्प्युटरचा क्लास बंद ठेवून खाली रस्त्यावर पाण्याचं पिंप घेऊन बसत. पाणी पिता पिता कुणी काही विचारलं की अर्ध्या वाक्यात त्याला स्टँडची, दवाखान्याची, नाहीतर चुकलेल्या माणसांची नावं पुकारणाऱ्या मांडवाची वाट दाखवून मोकळे. मामी म्हणायच्या, "लग्नाला बावीस वर्षं झाली, माझं दुसरं वाक्य या माणसानं अजून ऐकलं नाय." यावर मामू शांतपणे सांगत की कर्नलसुद्धा पहिली एकशे सत्तावीस अक्षरंच बघतो, आणि त्याचं काही अडत नाही.

कर्नल म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून आत बसून सगळ्यांना कामं वाटून देणारा मुख्य प्रोग्राम. मामूंची आणि त्याची ओळख आखातात झाली. मामू तिकडे गेले ते एका कंपनीच्या कॉम्प्युटर रूममध्ये झाडू मारायला. तिथल्या एका केरळी ऑपरेटरनं त्यांना आधी टेप बदलायला शिकवलं आणि मग युनिक्स. परत येताना इतरांनी टीव्ही आणि ब्लँकेटं आणली, मामूंनी पुस्तकं आणली, ही तक्रार मामी अजूनही माहेरी करतात. महाडला स्टँडच्या रस्त्यावर, बॅटरीच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत त्यांचा क्लास होता. गावातल्या बाकीच्या क्लासमध्ये विंडोज आणि सर्टिफिकेट मिळे. मामूंकडे लिनक्स, म्हणजे युनिक्सचंच धाकटं भावंड, मिळे, आणि ते कशासाठी असं विचारलं तर बोलणी मिळत. मी एफ.वाय.ला असताना त्यांच्या भाच्याबरोबर तिथे गेलो. भाचा आठवड्यात पळाला, मी राहिलो. आमचं गाव पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर, रस्ता सोडून वर. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, त्यामुळे कुणी शिकवायला बसलं तर मधेच उठून जाता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. मामूंची इच्छा एकच होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही: आपल्याकडे शिकलेल्यांपैकी एकानं तरी महाडात राहावं आणि हा क्लास पुढे चालवावा. शिकलेला प्रत्येक जण मुंबईला जाई, नाहीतर विमानात बसे. "तू राहशील," असं ते मला दुसऱ्याच महिन्यात म्हणाले. विचारलं नाही. म्हणाले.

त्यांच्या सगळ्या विद्येचा गाभा एका लहानशा फाइलमध्ये होता. स्क्रिप्ट कशी ओळखायची आणि कशी चालवायची, एवढंच सांगणारा तो कर्नलचा शंभरेक ओळींचा भाग मामूंनी छापून घेतला होता आणि ती पानं चक्क शिंप्याकडून शिवून आणली होती. आपण साध्या अक्षरांत कामाचा कागद लिहितो, त्याला स्क्रिप्ट म्हणायचं. चालव म्हटलं की तो कागद कर्नलकडे जातो. पण कर्नलला तो वाचता येत नाही. तो फक्त सुरुवातीची दोन अक्षरं बघतो: हॅश आणि उद्गारचिन्ह. ती दिसली की त्याच ओळीत पुढे लिहिलेला दुभाष्याचा, म्हणजे तो कागद वाचता येणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामचा, पत्ता घेतो, त्या दुभाष्याला उठवतो, आणि कागद त्याच्या हातात देऊन बाजूला होतो. हे सांगताना मामू स्टँडवरच्या कंट्रोलरची नक्कल करीत. गाडीवरची पाटी बघायची आणि ड्रायव्हरला हाक मारायची. घाट कसा चढायचा ते ड्रायव्हर बघून घेईल. "कर्नलचा मोठेपणा कशात हाय? त्याला येत नाय ते तो करायला जात नाय. ज्याला येतं त्याला हाक मारतो." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. माझ्या बाबांना वाचता येत नाही. घरी कागद आला की ते तो उलटसुलट बघत, वरचा शिक्का ओळखत, आणि ग्रामसेवकाकडे न्यायचा की शाळेतल्या बाईंकडे हे अचूक ठरवत. मला त्याची लाज वाटायची. त्या दिवसानंतर वाटेनाशी झाली, एवढंच सांगतो.

आम्हा मुलांची अडचण मात्र वेगळीच होती. पानाच्या डोक्यावर 'श्री' लिहिल्याशिवाय आमचा हातच पुढे सरकत नसे. माझ्या पहिल्याच स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत मी हॅश टाकून रोमन अक्षरांत श्री लिहिलं, आणि दुभाष्याचा पत्ता दुसऱ्या ओळीवर घेतला. चालवलं तर पडद्यावर चुकांची रांग लागली. मामूंनी माझी खुर्ची बाजूला सरकवली, थोडा वेळ बघितलं आणि हसू दाबत समजावलं. कर्नलला पाटी दिसली नाही, म्हणून त्यानं कागद परत केला. मग आपल्या आज्ञा घ्यायला जो बाहेर बसलेला असतो, त्या शेलला वाटलं की हे आपल्यालाच लिहिलंय, आणि त्यानं पर्ल भाषेतला मजकूर आपल्या भाषेत वाचायला घेतला. मी भीत भीत विचारलं, श्री पुसून टाकू का? खोलीत आणखी चार मुलं होती, सगळी मामूंकडे बघायला लागली. मामूंनी कपाटातून स्वतःची जुनी वही काढून दाखवली. प्रत्येक पानावर वर ७८६ होतं. आखातात पहिल्या स्क्रिप्टवर त्यांनीही तेच घातलं होतं, आणि ती दोन दिवस चालली नव्हती.

"पुसायचं कशाला? पहिली ओळ कर्नलची, दुसरी वरच्याची. तो काय रागावणार हाय? त्याला शेवटपर्यंत वाचता येतं."

तेव्हापासून त्या दोन खोल्यांतल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीवर कुणाचा श्री असे, कुणाचं ७८६, आणि एकानं आपल्या आजीचं नाव घातलं होतं.

मामूंचा धीर मी एकदाच पुरता पाहिला. कॉलेजच्या मशीनवर, विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट मी फ्लॉपीवरून आणली. पत्ता बरोबर, अक्षरं बरोबर, तरी उत्तर एकच: अशी फाइल नाही. मी वैतागून म्हणालो की कर्नल खोटं बोलतोय. मामूंना हे लागलं. कर्नल खोटं बोलत नाय, म्हणाले, तू लिहिलंस त्या नावाचा माणूस खरंच नाय. तीन दिवस आम्ही एकेक अक्षर मोजत बसलो, आणि ओळीच्या शेवटी विंडोजनं सोडलेलं, डोळ्यांना न दिसणारं एक अक्षर सापडलं. कर्नलनं ते नावाचाच भाग धरलं होतं. मामूंनी मामींना हाक मारून ते दाखवलं. मामींनी जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे बघितलं आणि छान आहे म्हणाल्या.

बी.एस्सी. संपताना मामूंनीच मला पुण्याला एमसीएचा फॉर्म भरायला लावला. नुसता भर, म्हणाले, नाव लागतंय का बघू. आमच्या गावात टपाल चार दिवसांनी चढतं, म्हणून पत्ता क्लासचा दिला होता. त्यानंतर मे महिन्यात एका दुपारी मी लाकडं घेऊन घरी आलो, तर ओटीवर बाबांच्या शेजारी मामू बसलेले. पायातले बूट काढलेले, गुडघा सुजलेला, हातात कोरा चहा. क्लास सोडून कधी कुठे न जाणारा हा माणूस एसटीनं पोलादपूर, तिथून जीप आणि मग तासभर चढण, असा आमच्या घरापर्यंत आला होता. मुलाखतीचं पत्र आदल्या दिवशी आलं होतं आणि मुलाखत परवा होती. ते पत्र दोन दिवस टेबलावर पडू दिलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. मामूंनी ते बाबांना वाचून दाखवलं, तारीख, वेळ, आणायचे दाखले, खालची सही, सगळं. त्यांना काही शेवटपर्यंत वाचताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बाबांनी विचारलं, "मास्तर, तुमी काय म्हणता?" मामू चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "पाठवा. माझ्याकडचं संपलं."

मी त्यांना खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. उतारावर त्यांनी माझा खांदा धरला होता. अर्ध्या वाटेत मी धीर करून म्हणालो की मी जात नाही, क्लास बघतो. ते थांबले. मला वाटलं, गुडघ्यामुळे.

"मला राहणारा माणूस पाहिजे होता रे," ते म्हणाले. "जायला घाबरून राहिलेला नको."

जीप आली तेव्हा मी त्यांना हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं.

आता पुण्यात मला दोन वर्षं होत आली. रविवारी सकाळी मी क्लासवर फोन करतो. मामू सांगतात की नवीन तीन मुलं आलीत, त्यातली एक मुलगी बिरवाडीहून सायकलनं येते आणि तिला डोकं आहे. मामींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. खालचं बॅटरीचं दुकान आता मोबाइलचं झालं. मी होस्टेलच्या जेवणाबद्दल सांगतो, परीक्षेबद्दल सांगतो. हल्ली ते माझं सगळं ऐकून घेतात, मी थांबेपर्यंत. फक्त मी परत कधी येणार, हे त्यांनी या दोन वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. विचारलं तर काय सांगायचं हे माझं अजून ठरलेलं नाही. जाताना घाबरलो होतो, आता परत जायलाही थोडा घाबरतो. पण दर रविवारी फोन ठेवण्याआधी मी जरा वेळ गप्प राहतो, त्यांनी विचारावं म्हणून. मग मामू म्हणतात, "बरं, ठेव आता," आणि ठेवत मात्र नाहीत.