सांगायचं राहिलेलं

ब्रेक ऑइलचा उग्र वास आला की माझा उजवा पाय आजही आपोआप आखडतो. जुनी, गोल दिव्यांची मोटार विकत घ्यायची म्हणून मी धुळ्याजवळ एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. सगळे त्यांना आबा म्हणत. चाळीस वर्षं गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. मी पत्रा ठोकून पाहिला, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला. "फिरी पहा भाऊ, बठ्ठी बराबर शे," सगळी ठीक असल्याची ग्वाही देत आबा शेजारी बसले. लळिंगचा घाट उतरताना तापलेलं रेक्झिन पाठीला चिकटत होतं. वळणापुढे केळीचा ट्रक रांगताना दिसला, मी ब्रेक दाबला, आणि पाय सरळ तळाला टेकला. गाडी तशीच धावत राहिली. ट्रकमागे लोंबणारी साखळी मोठी मोठी होत गेली. "तीनदा दाबनं पडस!" आबा ओरडले. तिसऱ्या वेळी ब्रेक लागला, तेव्हा साखळी बॉनेटला घासून गेली होती आणि गाडीत ब्रेक ऑइलचा वास भरला होता. "सांगाले इसरी गऊ," आबांनी कपाळावर हात मारला. "मना पायले सवय शे." ते खोटं बोलले नव्हते, त्यांच्या लेखी तो दोष नव्हताच. गाडी मी घेतली, ब्रेक नवे बसवले. पंधरा वर्षं एकटा मीच चालवतोय. काल मुलीने किल्ली मागितली. मी ती द्यायला हात पुढे केला, आणि गाडीच्या कुठल्या खोडी फक्त माझ्या हातापायांना ठाऊक आहेत, ते काही केल्या आठवेना. किल्ली अजून माझ्याच मुठीत आहे.