पेटीमास्तरांचा उजवा हात

पेटीमास्तरांचा हात आधी उठायचा. राग आल्याचं त्यांना मागाहून कळायचं. ग्रामोफोनच्या तबकडीवर पानाची पिचकारी उडवली म्हणून शहाद्याच्या बाजारात त्यांनी एकाचा दात पाडला, आणि मग त्यालाच बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. "गुरुजी, देवानं मला उलटं शिवलंय," ते मला म्हणत. मी मिशनच्या शाळेत शिकवत होतो आणि सुट्टीत त्यांच्याबरोबर पाड्यांवर जात असे.

दांडा फिरवून वाजणारी ती ग्रामोफोनची पेटी मिशननं आणली, तेव्हा पाळकसाहेबांनी ती मुद्दाम यांच्याच हाती दिली. "पेटीला राग येत नाही," ते म्हणाले. "उपदेश तिलाच करू द्या. तुम्ही फक्त दांडा फिरवा." तबकडीवर प्रभूची गोष्ट भिलीत होती. पाड्यावरच्या म्हाताऱ्या पेटीला मान डोलवून उत्तरं देत. मास्तरांना त्याचं फार कौतुक.

एका दुपारी सातपुड्याच्या पायथ्याशी, मोहाच्या झाडाखाली, गोष्ट वधस्तंभापर्यंत आली होती. वेस्ता नावाचा शेतकरी पुढे सरकला. "त्याले मारतस, तव्हय त्याना भाऊ कोठे व्हतात?" त्यानं विचारलं. पेटी बोलतच राहिली. "आधी ऐक," मास्तर म्हणाले. वेस्तानं फिरत्या तबकडीवर तळवा ठेवला. सुई खरवडत गेली.

मास्तरांनी पेटीतला लोखंडी दांडा उपसला. पहिला घाव वेस्ताच्या कानावर बसला. तो खाली पडला, तरी हात थांबला नाही. रक्त पेटीच्या झाकणावर उडालं. मी दोन पावलांवर होतो. मी झाडामागे गेलो.

वेस्ताचे भाऊ मात्र पळाले नाहीत. कुऱ्हाडी घेऊन आले. मास्तरांना ओढत उखळापाशी नेलं. पाड्याच्या पंचांपैकी एका म्हाताऱ्यानं विचारलं, कुठला हात? मास्तरांनी उजवा हात आपणहून उखळावर ठेवला. "हाच." त्याच दांड्यानं त्यांची चार बोटं एकेक करून मोडली. मास्तर ओरडले नाहीत. मी झाडामागे तोंड दाबून रडलो. दांडा भावांनी घरी नेला.

पुढच्या महिन्यात मास्तर त्याच झाडाखाली पेटी घेऊन नुसते बसून आले. त्यानंतर पुन्हा. तिसऱ्या वेळी वेस्ता डोक्याला फडकं बांधून, दांडा घेऊन आला. चांगला कान पेटीकडे करून बसला. "मी फिरावस," म्हणाला, "पन मधमा थांबाडसू."

थांबवावं लागलंच नाही. त्या ओरखड्यावर सुई दर वेळी अडकायची, आणि पेटी भिलीत एवढंच म्हणत राहायची: "त्याला मारलं, त्याला मारलं, त्याला मारलं." मग वेस्ता दांडा सोडून लोकांना म्हणायचा, विचारा. लोक विचारत. मास्तर येईल ते सांगत, न येईल तिथं "मला ठाऊक नाही" म्हणत, आणि डाव्या बोटानं सुई पुढे ढकलत. पाळकसाहेबांनी नवी तबकडी मागवून दिली. ती कागदातून कधी निघाली नाही. "हे 'मारलं' माझं आहे, गुरुजी," मास्तर म्हणाले. "ते काढून कसं चालेल?" त्यानंतर त्यांचा हात कुणावर उठला नाही. वेस्तानं बाप्तिस्मा घेतला नाही, आणि मास्तरांनी तो कधी मागितला नाही.

मास्तर तापानं गेले. मातीला वेस्ता दांडा घेऊन डोंगरातून चालत आला. कबरीच्या कडेला त्यानं पेटी लावली. सुई अडकली. "त्याला मारलं, त्याला मारलं." त्यानं दांडा सोडला आणि आमच्याकडे पाहिलं. "विचारा."

माझ्याच तोंडून निघालं, "मी झाडामागे होतो, वेस्ता."

"माले माहीत शे, गुरुजी," तो म्हणाला. "तुन्हं धोतर दिखी ऱ्हायनं व्हतं."

मग सरकून त्यानं पेटीजवळ मला जागा केली. सुई मी माझ्या बोटानं पुढे ढकलली.